पंगतीतली जागा

२२ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. त्या आठवड्यात आमच्या शिवाराला रात्रीची लाइट होती. गहू पोटऱ्यात आलेला, पाण्याची पाळी चुकवता येत नव्हती. दादा कानटोपी बांधून दारं धरत होता. मी विहिरीपाशी मोटारीकडे लक्ष ठेवून होतो आणि पुतण्यानं स्टार्टरच्या पेटीवर मोबाइल उभा करून ठेवला होता. भोकरदनपासून चार कोसांवरच्या त्या काळ्या रानात, मोटारीच्या घरघरीत, स्पेनमधल्या एइबार नावाच्या गावाचा फुटबॉल सामना चालला होता.

बाराव्या मिनिटाला एइबारला पेनल्टी मिळाली. ती मारायला पुढं आला तो त्यांचा गोलरक्षक, मार्को द्मित्रोविच. अख्खं मैदान ओलांडून तो समोरच्या गोलपाशी आला. दादा फावडं टेकवून बघायला थांबला. म्हणाला, "हा तर राखणदार. राखण सोडून कुठं निघाला?"

"पप्पा, बघा तर."

द्मित्रोविचनं चेंडू जाळ्यात घातला आणि तो परत आपल्या जागेकडे निघाला. दादाला ते इतकं आवडलं की पुढं कितीतरी दिवस तो एइबारला 'राखणदाराचं गाव' म्हणायचा. तेवढ्यात एक वाफा फुटला आणि पाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरलं. आम्ही दोघं धावलो. परत आलो तोवर लुईस सुआरेझनं बरोबरी साधली होती. समोर अॅटलेटिको माद्रिद होतं, गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर. ८९व्या मिनिटाला सुआरेझनं पेनल्टीवर चेंडू हळूच, चमच्यानं वाढावा तसा, मधोमध सोडून दिला. एइबार हरलं, १-२. लाइट जायला अजून वेळ होता. आम्ही काही न बोलता उरलेलं रान भिजवलं.

फुटबॉलशी माझा संबंध त्याआधी नव्हता. आमच्या भागात कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट. माझं सिल्लोड रस्त्यावर बी-बियाण्यांचं दुकान आहे. 'हंगाम' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो, पण तो खरीप आणि रब्बीपुरता. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या गादी-पुस्तकांसह घरी आला. त्याच्या मोबाइलमधून ला लिगा आमच्या ओसरीवर आली. २०१८पासून तीन हंगाम स्पेनच्या या लीगचे सामने भारतात फेसबुकवर फुकट दिसत. केबलवाला नको, डिश नको. ज्याच्या हातात मोबाइल आणि रोजचा दीड जीबी, त्याला बार्सिलोना दिसे. त्यालाच एइबारही दिसे.

पुतण्या मेस्सीचा. त्याच्या पिढीतली बहुतेक पोरं मेस्सीची नाहीतर रोनाल्डोची. मी एइबारचा झालो तो एका वाक्यामुळं. १२ सप्टेंबर २०२०ला हंगामाचा पहिलाच सामना लागला, एइबार आणि सेल्टा. प्रेक्षक नाहीत, गोल नाही, काहीच नाही. मी विचारलं, हे एइबार कुठं आलं? तो म्हणाला, "काका, हे आपल्या भोकरदनएवढं गाव आहे."

मग मी शोधत गेलो. उत्तर स्पेनमध्ये बास्क प्रदेश आहे. तिथल्या डोंगरांच्या अरुंद घळीत हे गाव वसलेलं, लोकवस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास. सपाट जागा इतकी थोडी की घरं एकावर एक चढवलेली. इपुरुआ हे त्यांचं मैदान, आठेक हजार माणसांचं. मैदानाला लागून उंच इमारती आहेत आणि गॅलरीत खुर्ची टाकून लोक सामना बघतात. जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की आमच्याकडे माळवदावर आणि लिंबाच्या फांद्यांवर माणसं बसतात, तशीच.

हे गाव कारागिरांचं. शतकानुशतकं तिथं बंदुका घडवल्या जात आणि पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी केली जाई. पुढं त्याच हातांनी शिवणयंत्रं आणि सायकली केल्या. ओर्बेआ ही सायकलींची कंपनी १८४०मध्ये तिथं बंदुकीसाठीच निघाली होती. १९३७च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धात गावावर बॉम्ब पडले आणि पुष्कळसं गाव जमीनदोस्त झालं. फुटबॉल क्लब निघाला १९४०मध्ये, त्या पडक्या घरांच्या मधोमध. त्यांना अजून 'बंदूकवाले' म्हणतात.

हे वाचताना मला आमची केळणा नदी दिसत होती. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या माणसांची नावं कोरलेली आहेत. १९७३मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथं उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव निघालं. मणी निघाले, रोमन कुंभांचे तुकडे निघाले आणि हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा भाग निघाला. तशीच घडण असलेली, वीतभराहून जराशी उंच मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघाली होती. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. दोन्हींत इतकं साम्य की पॉम्पेईची मूर्ती भोगवर्धनच्या कारागिरांचीच असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. आज आमच्या गावात त्या कोरणाऱ्या हातांची काही खूण उरलेली नाही. नदीकाठी तुकाईची लेणी आहेत आणि पांढरीत अजून खापरं सापडतात, एवढंच. म्हणून एखादं लहान, कारागिरांचं गाव मोठ्या पंगतीत आपल्या कामाच्या जोरावर बसलेलं दिसलं की मला भरून येतं. आम्हीही बसलो होतो.

एइबारला ती जागा २०१४मध्ये मिळाली आणि मिळता मिळता जाणार होती. दुसऱ्या विभागात ते पहिले आले, बढती झाली. पण स्पेनच्या कायद्याप्रमाणं क्लबचं भागभांडवल ठराविक रकमेचं हवं, आणि यांना सुमारे १७ लाख २४ हजार युरो कमी पडत होते. भरले नाहीत तर वर जाणं दूरच, खाली ढकलणार होते. यांच्या डोक्यावर कर्ज एका युरोचंही नव्हतं, हे विशेष. मोठमोठे क्लब कर्जात बुडालेले वरच्या पंगतीत जेवत होते आणि बिनकर्जी माणसाला दारात अडवलं होतं. गावानं हाक दिली. पन्नास युरोचा एक असे भाग विकायला काढले. पन्नासहून अधिक देशांतल्या लोकांनी ते घेतले आणि रक्कम भरली गेली.

पहिल्या हंगामाच्या शेवटी ते अठरावे आले. म्हणजे उतरलेच होते. पण एल्चे नावाच्या क्लबला थकलेल्या देण्यांपायी खाली पाठवलं आणि एइबार राहिलं. दुकानात बसून मी उधारीची वही उघडी ठेवून हे वाचलं. आमच्या जिल्ह्यात कर्ज या शब्दाला काय वजन आहे, हे मी वेगळं सांगायला नको. कर्ज नसल्यामुळं कुणी वाचलं, अशी बातमी मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो.

तर २०२०-२१ हा त्यांचा वरच्या विभागातला सलग सातवा हंगाम. आमचा तो कितवा वाईट हंगाम, हे मोजणं मी सोडून दिलं आहे. त्या जूनमध्ये मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही. लोक रिकाम्या पिशव्या घेऊन दुकानात येत आणि काउंटरवर ठेवून नुसते उभे राहत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुबार पेरणी झाली. पीक हाताशी आलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसानं ते कुजलं, कापसाची बोंडं झाडावरच काळी पडली. अशा दिवसांत दसऱ्याच्या आदल्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, एइबारनं सेवियाला त्यांच्या घरात १-० हरवलं. गोल किके गार्सियाचा. मी सोनं लुटायला गेलो तेव्हा चार जणांना ते सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण मी आनंदात आहे एवढं कळलं, आणि तेही हसले.

त्या हंगामात एइबारनं पहिले तिन्ही विजय दुसऱ्यांच्या मैदानावर मिळवले. वायादोलिद, सेविया, बेटिस. घरच्या मैदानावर पहिला विजय ३ जानेवारीला, ग्रानाडाविरुद्ध. मला यात एक गोष्ट दिसते आणि ती मला पटलेली आहे. प्रेक्षकांविना खेळायचं ठरलं तेव्हा बार्सिलोनाचं नुकसान पैशांचं झालं. एइबारचं नुकसान शेजाऱ्यांचं झालं. इपुरुआत माणसं मैदानाच्या इतकी जवळ बसतात की पाहुण्या खेळाडूला त्यांचा श्वास ऐकू येत असेल. ती गेली आणि त्या गावाचं अर्धं बळ गेलं. उरल्या त्या शेजारच्या इमारतींच्या गॅलऱ्या. मोबाइलवर प्रशिक्षक मेंदिलिबारचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा, रिकाम्या विहिरीत हाक मारावी तसा. होसे लुईस मेंदिलिबार शेजारच्याच साल्दिबार गावचा. ट्रॅकसूट घालून उभा राहणारा, साधा दिसणारा माणूस. त्याचा संघ मागं दबून कधी खेळला नाही. बचावाची फळीसुद्धा पार पुढं आणून, समोरच्याच्या अंगावर जाऊन खेळायचा. हरतानाही तसाच. २९ डिसेंबरला बार्सिलोनात जाऊन त्यांनी १-१ अशी बरोबरी केली, ती मी आणि पुतण्यानं एकाच रजईत बसून पाहिली. मेस्सी त्या दिवशी खेळला नव्हता, असं पुतण्या अजून मला आठवण करून देतो.

जानेवारीच्या त्या विजयानंतर मे उजाडेपर्यंत एइबार एकही सामना जिंकलं नाही. बरोबऱ्या, एका गोलानं हार, पुन्हा बरोबरी. गहू निघाला, मळणी झाली. गुणतक्त्यात एइबार तळाला गेलं आणि आमच्याकडे दुसरी लाट आली.

१४ एप्रिल. बाबासाहेबांची जयंती त्या वर्षी घराघरांत झाली, मिरवणूक नव्हती, निळे झेंडे दारादारांवर होते. त्याच दिवशी रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध लागायचे होते. १४ एप्रिललाच, १९३१ साली, एइबारच्या नगरपालिकेवर पहाटे साडेसहाला प्रजासत्ताकाचा झेंडा चढला होता. राजा गेला, आता राज्य लोकांचं, हे माद्रिदच्याही आधी त्या लहान गावानं जाहीर केलं. मी ते पुतण्याला वाचून दाखवलं. दादा आतल्या खोलीत झोपून होता. त्याला दोन दिवसांपासून ताप होता.

१६ला दादाला जालन्याला हलवलं. साठेक किलोमीटरचा रस्ता, गाडीत खिडक्या उघड्या, वहिनी मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन. ऑक्सिजनची खाट मिळाली. आम्हाला बाहेरच थांबवलं. त्यानंतर दादा आमच्यासाठी मोबाइलच्या काचेत होता. नाकाला नळी, दाढी वाढलेली, आणि मागं त्या यंत्राचा एकसारखा आवाज.

१८ एप्रिलला अॅटलेटिकोनं एइबारला ५-० धुतलं. मी तो सामना जालन्यात, रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर बसून पाहिला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आणि त्याच रात्री युरोपातल्या बारा धनाढ्य क्लबांनी आपली वेगळी 'सुपर लीग' जाहीर केली. स्पेनचे तीन होते, रिआल माद्रिद, बार्सिलोना आणि अॅटलेटिको. संस्थापकांच्या पंधरा जागा कायमच्या. ते कितीही हरले तरी उठणार नाहीत. बाकी सगळ्या जगासाठी पाच पाट.

मराठी माणसाला हे समजायला फुटबॉल कळावा लागत नाही. आम्ही पंक्तिभेद पाहिलेला आहे. जन्मानं कुणाचं पान कुठं मांडायचं ते ठरवणारी व्यवस्था आम्हाला ठाऊक आहे आणि तिच्याविरुद्ध उभं राहिलेली माणसंही आम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाची जयंती होऊन चारच दिवस झाले होते. ज्या संघाला सकाळी त्या पाच पाटांचीही आशा उरणार नव्हती, तो एइबार आदल्या संध्याकाळी पाच गोल खाऊनही शेवटच्या मिनिटापर्यंत पुढं धावत होता. मला त्या फुटपाथवर रडू आलं. दादासाठी आलं की कशासाठी, हे मला सांगता येणार नाही. सुपर लीगवर लोक चिडले, सगळ्यांत आधी त्या क्लबांचेच चाहते, आणि दोन-तीन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब, मागोमाग अॅटलेटिकोही बाहेर पडला. ती बातमी मी दादाला फोनवर सांगितली. त्याला बोलवत नव्हतं. त्यानं अंगठा दाखवला.

१ मे. महाराष्ट्र दिन, आणि किके गार्सियानं अलावेसविरुद्ध एकट्यानं तीन गोल केले. ३-०. जवळजवळ चार महिन्यांनी विजय. संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. नळी निघाली होती. पहिलं विचारलं ते गुरांचं. दुसरं, "आणि आपल्या गावाचं काय?" मला वाटलं, भोकरदनचं विचारतोय. मी कोण कोण बरं झालं, कोण गेलं, ते जपून सांगू लागलो. तो म्हणाला, "ते नाही रे. राखणदाराचं गाव."

८ मेला दादा घरी आला, बावीस दिवसांनी. दुसऱ्या दिवशी एइबारनं हेताफेला त्यांच्या मैदानावर हरवलं. वहिनीनं उंबऱ्याबाहेर खाट टाकून दिली होती, दादा उशीला टेकून बघत होता, मध्येच डुलकी घेत होता. १४ला अक्षयतृतीया होती. त्या वर्षी आमच्या गल्लीत कितीतरी घरांनी पहिल्यांदा करा पुजला. गेल्या अक्षयतृतीयेला ज्यांच्या पंगतीला आम्ही बसलो होतो, त्यांच्या नावानं यंदा घागर भरली होती.

१६ मेला व्हॅलेन्सियात ४-१नं हरले आणि एइबारचं खाली उतरणं नक्की झालं. पुतण्यानं रेलिगेशनचा अर्थ दादाला समजावला. खालचे तीन संघ दुसऱ्या विभागात जातात, तिथले तीन वर येतात. दादा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "म्हणजे त्यांचं मैदान जातं का?"

"नाही, मैदान त्यांचंच."

"गावाचंच राहतं?"

"हो."

"मग पुढल्या साली पुन्हा पेरतील."

तो विषय त्यानं तिथं संपवला आणि पाणी मागितलं.

शेवटच्या फेरीत, २२ मेला, आमचे दोन्ही सामने एकाच वेळी होते, आपल्याकडे रात्री साडेनऊला. घरात दोन मोबाइल लावले. पुतण्याकडे वायादोलिद विरुद्ध अॅटलेटिको. तिथं विजेतेपद ठरायचं होतं. बार्सिलोनानं ज्याला म्हातारा झाला म्हणून सोडलं, त्या सुआरेझनं ६७व्या मिनिटाला विजयी गोल केला. हंगामातला त्याचा एकविसावा. सामना संपल्यावर तो मैदानाच्या कडेला बसला, मोबाइल काढला आणि घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून हुंदके देत रडला. स्टेडियम रिकामं. जगातला एवढा नामवंत माणूस, आणि त्याच्याही घरची माणसं काचेतच. वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली होती. ती फुटबॉल बघत नाही. ती तो मोबाइल बघत होती.

माझ्याकडे एइबार आणि बार्सिलोना. ८१व्या मिनिटाला बार्सिलोनाच्या ग्रीझमननं हवेतल्या हवेत चेंडू मारला आणि एइबार ०-१ हरलं. सहा विजय, बारा बरोबऱ्या, वीस पराभव, तीस गुण, विसावा क्रमांक. मेंदिलिबारही त्यानंतर तिथून गेला. दोन वर्षांनी त्यानं सेवियाला युरोपा लीग जिंकून दिली तेव्हा मी दुकानात पेढे वाटले आणि दादानं विचारलं नाही कशाचे, कारण त्याला माहीत होतं.

७ जूनला राज्यातले निर्बंध सैल होऊ लागले. मृगही त्याच सुमाराला लागतो. दादा काठी टेकत दुकानात आला, मक्याच्या दोन पिशव्या आणि सोयाबीनची एक घेतली. सोयाबीनचं बियाणं यंदा आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवून बघितलं होतं, सत्त्याहत्तर उगवले होते. पुतण्यानं पिशव्या गाडीवर बांधल्या. एइबारचा पुढचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होणार होता, दुसऱ्या विभागात. तो आम्हाला मोबाइलवर दिसणार नव्हता. निकाल मात्र रोज सकाळी बघतो. ते अजून वर आलेले नाहीत.